नऊ सेंटिमीटर तोकडी

मला कोणी फसवू शकत नाही, हे मी फुशारकीने सांगत नाही, नोकरीच्या अनुभवाने सांगतो. अठ्ठावीस वर्षं मी वजनमापे तपासणारा निरीक्षक आहे. पारड्याखाली चिकटवलेला लोहचुंबक मी नुसत्या दुकानदाराच्या चेहऱ्यावरून ओळखलेला आहे. मीटरपट्टीचं टोक झिजलंय की झिजवलंय, हे मला अंगठा फिरवून कळतं. त्यामुळे एका वायरीपायी माझी जी शोभा झाली, ती मी स्वतःच सांगितलेली बरी. शेजाऱ्यांच्या तोंडून तुमच्यापर्यंत आली, तर तिच्यात भर पडलेली असेल.

झालं असं, की आमच्या एकुलत्या एक लेकीला दूरच्या शहरात एका वृत्तवाहिनीवर काम लागलं होतं. सहा महिने तिने इतरांसाठी बातम्या लिहून दिल्या. मग एका गुरुवारी तिचा फोन आला, की येता रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी दहाच्या बातम्या ती स्वतः वाचणार. दहा मिनिटांच्या बातम्या, पहिल्यांदाच, आणि थेट.

"बाबा, तू नीट ऐक हं," ती म्हणाली. "आई काय, कौतुकच करणार. तू तपासून सांग."

तपासून सांग! हा शब्द तिने घरच्या माणसाला नव्हे, निरीक्षकाला वापरला होता. मी तेव्हाच ठरवलं, की त्या दहा मिनिटांतला एकही शब्द निसटता कामा नये.

अडचण एकच होती. आमच्या टीव्हीचा आवाज गेली काही वर्षं पुसट झाला होता. लहान नव्हे, पुसट. टीव्हीला आम्ही जुना स्पीकर जोडलेला आहे, तो एका लाकडी कपाटात असतो. त्यातून आवाज भरपूर येई, पण शब्दांच्या कडा झिजलेल्या. वाचणाऱ्यांचे ओठ हलत आणि मी बातमी अंदाजाने पुरी करी. आधी मला वाटलं, हल्लीची माणसंच तोंडातल्या तोंडात बोलतात. पण आता माझीच लेक बोलणार होती, तेव्हा दोष यंत्रात असणं भाग होतं. बायकोला तसं म्हणालो, तर ती नुसती "हं" म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. त्या "हं"ची तपासणी मी तेव्हाच करायला हवी होती.

आमच्या खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. ते विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून तज्ज्ञ झाले. कशाचे, ते विषय निघेल तसं ठरतं. इमारतीत त्यांना सगळे तज्ज्ञच म्हणतात, आणि त्यांनाही ते मान्य आहे. आवाजाचा विषय जिन्यात निघाला आणि पाचव्या मिनिटाला तज्ज्ञ आमच्या कपाटामागे होते. त्यांनी टीव्हीपासून स्पीकरपर्यंत गेलेली वायर मेलेली पाल उचलावी तशी दोन बोटांत धरून बाहेर काढली.

"ही? या वायरीतून तुम्हांला काहीतरी ऐकू येतं हेच नवल आहे."

"वायर ती वायर," मी म्हणालो.

"पाणी कितीही शुद्ध असू द्या, पाइप गंजका असेल तर घरात काय येईल?"

हा युक्तिवाद आमच्या इमारतीत कोणालाही पटला असता, कारण आमचा पाइप खरोखरच गंजका आहे. शनिवारी आम्ही दोघं दुकानात गेलो.

दुकान कसलं, देवघरासारखी शांतता. आत 'ऐकण्याची खोली' होती. जाड गालिचा, मंद दिवा, आणि टाय लावलेला एक विक्रेता, जो दवाखान्यात बोलावं तसा बोलत होता. त्याने एकदा साध्या वायरीवर वाजवून दाखवलं आणि एकदा सोनेरी पिनांच्या वायरीवर. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. तज्ज्ञांनीही पाहिलं.

"फरक जाणवला?"

आता अशा वेळी 'नाही' म्हणायला छाती लागते. मी बेकायदा काट्यांचे ढीग जप्त केलेले आहेत, पण ती छाती वेगळी.

"जाणवला," मी म्हणालो.

"कुठे जाणवला?"

"वरच्या सुरांत," मी म्हणालो. हे उत्तर मला कुठून सुचलं देव जाणे. दोघांनीही समाधानाने माना हलवल्या. पाव मिनिटानंतर मीही हलवली.

त्या वायरीला रेशमासारखं वेष्टण होतं आणि तिच्यावर चक्क बाण काढलेला होता, म्हणजे आवाजाने कुठून कुठे जायचं याबद्दल त्याचा गोंधळ होऊ नये. नवी चप्पल पायात रुळावी लागते तशी ही वायर तीस तास रुळवावी लागते, असंही विक्रेत्याने सांगितलं. किंमत मी इथे लिहीत नाही. बायकोला निम्मी सांगितली. तिने पूर्ण किंमत शर्टाच्या खिशातल्या पावतीवर वाचली होती, हे मला नंतर कळलं.

घरी आल्यावर हात धुवायच्या आधी मी वायर मोजली. सवय आहे. पाकिटावर तीन मीटर लिहिलं होतं. वायर दोन मीटर एक्क्याण्णव सेंटिमीटर भरली. मी ती तीनदा मोजली, एकदा टोकं बायकोला धरायला लावून. वजनमापे निरीक्षकाला नऊ सेंटिमीटर तोकडी वायर विकण्याची हिंमत या गावात कोणी करील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बरं, तोकडी ती तोकडी, आणि नेमकी तेवढ्यानेच कमी पडली. स्पीकरचं कपाट माझ्या खुर्चीच्या डाव्या हाताला, दाराच्या पलीकडच्या कोपऱ्यात होतं. दाराच्या चौकटीवरून वळसा घेऊन जाताना वायर अगदी चार बोटं अलीकडे लोंबकळत राहिली.

"कपाट उजवीकडे खिडकीच्या कोपऱ्यात घेऊ," मी म्हणालो. "तिकडे अंतर कमी आहे."

"कपाट नका हलवू," बायको म्हणाली.

"का?"

"असू दे ना तिथेच. वायर बदलून आणा."

ती सहसा असल्या बाबतीत मध्ये पडत नाही, म्हणून मी थोडा थबकलो. पण तज्ज्ञांनी बाह्या सरसावल्या होत्या. रविवारी सकाळी आम्ही कपाट ओढलं. त्याचा एक पाय तिथल्या तिथे निखळला. त्याखाली मी माझं जुनं, बाद झालेलं एक किलोचं वजन ठेवलं. भिंतीवर कपाटामागचा जुना रंग चौकोनी उघडा पडला, तो झाकायला कॅलेंडर, कॅलेंडरला खिळा. खिळ्याने विजेची वायर गाठली आणि अर्धं घर बंद पडलं. संध्याकाळी वायरमन येऊन गेल्यावर आम्ही अखेर टीव्ही लावला. आवाज पहिल्यापेक्षा वाईट होता.

वाईट म्हणजे किती? तर हवामानाचा अंदाज सांगणारी बाई ओल्या टॉवेलमधून बोलत होती. मला लेक आठवली आणि मी बोटांवर दिवस मोजले. सात दिवस राहिले होते.

"रुळू द्या," तज्ज्ञ म्हणाले. "तीस तास."

तीस तास टीव्ही चालू ठेवला. मंगळवारी इमारतीच्या समितीचं पत्र आलं. त्यात 'आपल्या घरातून येणारा अखंड आवाज' असे शब्द होते. मला त्या पत्राचं एवढं दुःख झालं नाही, जेवढं या गोष्टीचं, की जो आवाज तीन मजल्यांना स्वच्छ ऐकू जात होता तो मला समोर बसून कळत नव्हता.

बुधवारी अर्धी रजा टाकून मी दुकानात गेलो. या खेपेला ऐकण्याच्या खोलीत नव्हे, मागच्या बाजूला, जिथे तक्रारी घेतात. तिथे गालिचा नसतो.

"पाकीट फोडलेलं आहे," खिडकीतला माणूस म्हणाला.

"फोडल्याशिवाय वायर जोडायची कशी?"

"जोडायची असेल तर फोडावंच लागेल. पण परत करायची असेल तर फोडायचं नाही."

मी टेप काढली, काउंटरवर वायर ताणून धरली आणि नऊ सेंटिमीटरची उणीव त्याच्या डोळ्यांसमोर सिद्ध केली. तो म्हणाला, लांबी पिनांसकट धरतात. मी म्हणालो, पिनांसकटच मोजली आहे. तो म्हणाला, मग कारखान्यात उन्हाळा असेल आणि इथे येईपर्यंत आकसली असेल. मी ओळखपत्र काढून त्याच्यापुढे ठेवलं. त्यावरचा फोटो माझ्या डोक्यावर केस होते तेव्हाचा आहे. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं आणि अत्यंत अदबीने विचारलं, "हे आपले चिरंजीव का?"

मग टायवाला आला. त्याने माझी क्षमा मागितली, चहा मागवला, आणि वरच्या दर्जाची वायर थोडा फरक घेऊन देऊ केली. या दर्जात लांबीची तक्रार कधी आलेली नाही, असं तो म्हणाला. मी निरीक्षक म्हणून आत गेलो होतो आणि बाहेर आलो तेव्हा माझ्या हातात आणखी महाग वायर होती. जुनीही माझ्याकडेच राहिली, कारण तिचं पाकीट फोडलेलं होतं.

ही दुसरी वायर पुरी तीन मीटर भरली. त्या आनंदात मी कपाट होतं तिथेच ठेवून ती जोडली. आवाज तसाच, ओल्या टॉवेलातला.

गुरुवारी रात्री जेवताना मला माझ्या पहिल्या साहेबांची आठवण झाली. तपासणीला आलेल्या वजनांवरचं दुकानाचं नाव ते आधी कागद चिकटवून झाकायला लावत. ते म्हणत, "नाव दिसलं की डोळा काट्याकडे बघत नाही, नावाकडे बघतो." मी विचार केला, मी गेले पाच दिवस सोनेरी पिनांकडेच बघत होतो. तपासणी करायची तर ती रीतसर करू.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत रीतसर तपासणी झाली. वायरी तीन: जुनी, तोकडी आणि महाग. बायकोने मनाला येईल तसं त्या बदलायच्या, मी डोळ्यांवर टॉवेल बांधून बातम्या ऐकायच्या आणि दहापैकी गुण द्यायचे, तज्ज्ञांनी लिहायचे. तक्ता मी कार्यालयाच्या नमुन्यावरून आखला होता. आमच्या नमुन्यात 'तपासणीच्या वेळची मांडणी' असा एक रकाना असतो. काटा कुठे ठेवला होता, कसा ठेवला होता, ते त्यात लिहायचं. तो रकाना कोणी भरत नाही. मी भरतो.

सहा फेऱ्या झाल्यावर तज्ज्ञांनी आक्षेप घेतला, की मी टॉवेलखालून बघतो आहे. इतका अपमान माझा दुकानदारांनीही केलेला नाही. मी टॉवेल फेकला, खुर्ची उलटी फिरवली आणि टीव्हीकडे पाठ करून बसलो. "आता तर झालं?" म्हणालो. उरलेल्या सहा फेऱ्या तशाच घेतल्या.

मग तक्ता मांडला. जुन्या वायरीला एकदा तीन गुण, एकदा नऊ. तोकडीला एकदा तीन, एकदा नऊ. महाग वायरीला तीन आणि साडेआठ. कुठल्याच वायरीचा कशाशी मेळ बसेना. तज्ज्ञ चष्मा पुसू लागले. माझं बोट त्या कोणी न भरणाऱ्या रकान्यावरून खाली येत होतं. तोंड समोर: तीन, तीन, तीन, अडीच, तीन, तीन. पाठ फिरवलेली: नऊ, नऊ, साडेआठ, नऊ, नऊ, नऊ.

"म्हणजे टीव्ही पाठ करून ऐकावा असं सिद्ध होतं," तज्ज्ञ हळूच म्हणाले. "हे कुठे छापून आलेलं नाही."

बायको अजून वायर हातात धरून कपाटाशी उभी होती. "भाऊजी," ती तज्ज्ञांना म्हणाली, "तुमच्याकडचा तो हातोडा आणता का जरा? कपाटाचा पाय ठोकून टाकू." ते गेले. ती येऊन माझ्या शेजारी बसली, डाव्या बाजूला.

"हे कपाट मुळात त्या कोपऱ्यात कोणी ठेवलं होतं?" तिने विचारलं.

"तूच. सात वर्षांपूर्वी. खिडकीच्या भिंतीला ओल येते म्हणून."

"त्या भिंतीला ओल येत नाही."

मी भिंतीकडे पाहिलं. भिंत ठणठणीत कोरडी होती. मी स्वतः पाच दिवस तिच्याजवळ बसलो होतो. मग मी कपाटाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि नकळत माझा हात उजव्या कानाकडे गेला.

"दोनदा सांगितलं होतं तुम्हांला," ती म्हणाली. "पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, तूच पुटपुटतेस. दुसऱ्यांदा दोन दिवस बोलला नाहीत. मग म्हटलं, माणूस हलत नाही ना, तर कपाट हलवू."

मला आधी राग आला. मग लाज वाटली, आणि मग दोन्ही ओसरून एकेक गोष्ट दिसायला लागली. आम्ही फिरायला जातो तेव्हा ती नेहमी माझ्या डाव्या हाताला असते. मला वाटे, तिला रस्त्याच्या कडेची बाजू आवडते. जेवताना तिची जागा डावीकडे, पलंगावर ती डावीकडे. पाहुणे आले की कोणी कुठे बसायचं ते ती सांगे, आणि मी मनात म्हणे, हिला हुकूम सोडायची हौस भारी. गावातला प्रत्येक काटा मी तपासला होता, आणि माझ्याच डोक्याची एक बाजू सात वर्षं उणी होती. त्या बाजूला ही रोज, न बोलता, तेवढंच वजन टाकत आली होती. मला रडू आलं. सरकारी माणसाने घरात रडू नये असा काही नियम नाही.

तज्ज्ञ हातोडा घेऊन दारात उभे होते. ते किती वेळ उभे होते कोण जाणे. ते आत आले, तेही डाव्या बाजूने, आणि म्हणाले, "खरं सांगू? त्या दुकानात मलाही काही फरक जाणवला नव्हता. पण तुम्ही 'वरच्या सुरांत' म्हणालात. म्हटलं, साहेबांना कळलंय."

शनिवारी आम्ही कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मला काचेच्या पेटीत बसवून आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. मी आधी त्यांच्या यंत्राची तपासणी केव्हा झाली ते विचारलं. त्यांनी शांतपणे दाखला पुढे केला. तो मुदतीत होता. उजवा कान बराच गेलाय, डावा थोडा, यंत्र बसेल, पण ते तयार व्हायला आठ दिवस लागतील, असं त्या म्हणाल्या.

"उद्या सकाळी दहा वाजता माझ्या मुलीच्या बातम्या आहेत," मी म्हणालो.

"मग उद्या डाव्या कानाने ऐका," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही तिघांनी कपाट उचलून मूळच्या कोपऱ्यात नेलं. जुनी, मेलेल्या पालीसारखी वायर दाराच्या चौकटीवरून वळसा घालून बरोबर पोचली, वर थोडी उरलीसुद्धा. पंधरा मिनिटं आधीच मी खुर्चीत बसलो. बायको नेहमीच्या जागी. तज्ज्ञ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

दहा वाजले आणि ती दिसली. केस बांधलेले, चेहरा जरा उतरलेला. तिने नमस्कार केला आणि वाचायला लागली. धरणाचं पाणी, शिक्षकांच्या बदल्या, एका पुलाची दुरुस्ती. मला सगळं ऐकू आलं. पुलाच्या कंत्राटदाराचं आडनावसुद्धा. एक शब्द तिने गिळला नाही, एक जोडाक्षर मोडलं नाही. प्रत्येक वाक्य ती पूर्ण करून ठेवी आणि मगच पुढचं उचली. दहा मिनिटं संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी खुर्चीच्या पार टोकाशी आलो होतो.

अर्ध्या तासाने तिचा फोन आला. बायकोने तो माझ्या डाव्या कानाला लावला.

"बाबा, तपासलंस?"

"तपासलं," मी म्हणालो. "उणीव आढळली नाही."

ती हसली.

"आईने काल सांगितलं मला, तुला आता माहीत झालंय म्हणून. म्हणून आज सांगते. माझी निवड झाली ना, तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं होतं, इतकं स्वच्छ बोलायला कुठे शिकलीस, कुठला वर्ग लावला होतास? मी म्हटलं, घरीच. बाबांना नीट ऐकू येत नाही, आणि दोनदा विचारावं लागलं की त्यांना ओशाळल्यासारखं होतं. म्हणून पहिल्याच खेपेला कळेल असं बोलायची सवय लागली."

"आवाज तुटतोय," असं सांगून मी फोन बायकोकडे दिला. तो अजिबात तुटत नव्हता.

महाग वायर घ्यावी की घेऊ नये, असं मला आता कोणी विचारलं तर मी सांगतो, घ्या, फार मजबूत असते. आमच्या खिडकीतला वेल बायकोने तिच्यावरच चढवला आहे, आणि बाण वरच्या दिशेला केला आहे. तोकडी मी नमुना म्हणून कार्यालयात ठेवली आहे. दुकानाला नोटीस गेली आहे.

तक्ता मात्र घरीच आहे. आमच्या नमुन्यात शेवटी 'शेरा' असतो, आणि तो भरल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. त्या रविवारी दुपारी तज्ज्ञ गेल्यावर मी पेन घेऊन बसलो आणि लिहिलं: 'तिन्ही वायरी सारख्याच. दोष तपासणाऱ्यात आढळला. घरातल्या दोन व्यक्तींनी तो सात वर्षं स्वखुशीने भरून काढल्याचं दिसून आलं.' खाली सही केली, तारीख घातली. मग खुर्ची थोडी फिरवली, कारण बायको स्वयंपाकघरातून काहीतरी सांगत होती आणि मला ते ऐकायचं होतं.